व्हिडिओ नेमका हव्या त्या जागी कसा कापायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची शूटिंग, शाळांची स्नेहसंमेलनं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, झाडीपट्टीची नाटकं, असं सगळं कापायचं-जोडायचं काम मी नागपूरच्या महाल भागात बसून करतो. शहरातले आणि आसपासच्या तालुक्यांतले शूटिंगवाले, विद्यार्थी आणि घरीच व्हिडिओ कापणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे त्यांचेच शब्द ठेवले आहेत. एक विनंती आधीच करतो. कापायला घेण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. पुढे सांगितलेलं सगळं त्या प्रतीवर करायचं आहे.

१. भाऊ, मी १ मिनिट १२ सेकंदांवर कापून राहिलो आणि नवी फाईल १ मिनिट ८ पासूनच सुरू होऊन राहिली. काहून?

कारण १ मिनिट १२ सेकंदांचं पूर्ण चित्र तुमच्या फाईलमध्ये नाहीच. एमपेग-२, एच.२६४, एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती दर फ्रेमला (व्हिडिओतल्या एकेका चित्राला) अख्खं चित्र साठवत नाहीत. अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवतात, ती की-फ्रेम. पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. अशा फ्रेमचे दोन प्रकार. पी-फ्रेम आधी येऊन गेलेल्या चित्रावर अवलंबून असते. बी-फ्रेमला मागचं आणि पुढचं अशी दोन्ही चित्रं लागू शकतात.

इतवारीतल्या एखाद्या पेढीची जुनी रोकडवही पाहिली असेल तर हे लगेच ध्यानात येईल. पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून शिल्लक मांडलेली असते आणि खाली नुसत्या जमा-नावेच्या ओळी. मधल्या एका ओळीवरून त्या क्षणाची शिल्लक सांगता येत नाही. माथ्यापासून बेरीज करत खाली यावं लागतं. की-फ्रेम म्हणजे पानाचा माथा. तुमच्या फाईलमध्ये तो माथा १ मिनिट ८ वर होता, म्हणून सॉफ्टवेअर तिथे गेलं. त्याची चूक नाही.

२. मग या की-फ्रेम किती-किती अंतरावर असतात?

फाईल कशी बनली त्यावर. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीत जास्तीत जास्त १५ फ्रेमच्या गटामागे एक असते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यांत साधारण सेकंदाला एक सापडते. एक्स२६४ या एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला) काहीच सांगितलं नाही, तर तो दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर जाऊ देतो. म्हणजे तब्बल १० सेकंद. दृश्य एकदम बदललं की तो स्वतःहून मध्ये एक टाकतो, पण भाषणासारख्या एकाच चौकटीच्या व्हिडिओत दृश्य बदलतच नाही. म्हणून स्नेहसंमेलनातली प्रमुख पाहुण्यांची भाषणं कापायला सगळ्यात त्रासाची, आणि झटपट कटांची गाणी सोपी.

३. माझ्या फाईलमध्ये त्या कुठे आहेत हे दिसतं का?

दिसतं, आणि कापण्याआधी पाहावंच. लॉसलेसकट या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन मोठी केली की की-फ्रेमच्या खुणा दिसतात. अविडेमक्समध्ये वर-खाली बाणांच्या कळा दाबल्या की एका की-फ्रेमवरून दुसरीवर उडी बसते आणि डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम सरकते. व्हीएलसीमध्ये ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जाता येतं, पण की-फ्रेम कुठली ते तो सांगत नाही.

४. ‘क्वालिटी न जाता’ कापणं म्हणजे नेमकं काय?

आतला डेटा न उलगडता जसाच्या तसा नव्या फाईलमध्ये उचलून ठेवणं. त्याला स्ट्रीम कॉपी म्हणतात. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही बदलत नाही आणि तीन तासांची फाईल डिस्कवर कॉपी व्हायला लागेल तेवढ्याच वेळात कापून होते. अट एकच, सुरुवात की-फ्रेमवर झाली पाहिजे.

५. पण मला अगदी त्याच फ्रेमवर कापायचं आहे. उपायच नाही का?

आहे. तो तुकडा पुन्हा एन्कोड करायचा. सॉफ्टवेअर मागच्या की-फ्रेमपासून उलगडत तुमच्या फ्रेमपर्यंत येतं, आधीचं टाकून देतं आणि तुमच्या फ्रेमलाच नवी की-फ्रेम करून पुढे लिहितं.

याची गरज कुठे पडते ते सांगतो. लग्नाच्या छोट्या क्लिपसाठी मला सगळ्यात जास्त मागणी येते ती एका क्षणाची. शेवटचं मंगलाष्टक संपतं, ‘शुभमंगल सावधान’ होतं आणि अंतरपाट दूर होतो. मी तिथे एकेक फ्रेम सरकवत बसतो. एका फ्रेमला अंतरपाटाची कड अजून नवरीच्या कपाळाशी आहे. पुढच्या चार फ्रेममध्ये कापड सरकतं आणि मुंडावळ्या हलतात. मग एक फ्रेम अशी येते की दोघांचे डोळे पहिल्यांदा एका चौकटीत दिसतात, आणि पहिली अक्षता अजून हवेतच असते. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे सगळं पाव सेकंदात होऊन जातं. की-फ्रेम तीन सेकंद मागे असेल तर क्लिप फोटोग्राफरच्या पाठीपासून सुरू होते. तिथे तडजोड करू नये. पुन्हा एन्कोड करा.

फक्त तीन पथ्यं पाळा. एन्कोड नेहमी मूळ फाईलवरून करा, आधीच एकदा दाबलेल्या प्रतीवरून नको, कारण प्रत्येक फेरीत थोडं चित्र जातंच. हवा तेवढाच तुकडा एन्कोड करा, अख्खी फाईल नाही. आणि दर्जाचा आकडा सैल ठेवू नका. एक्स२६४ मध्ये सीआरएफ काही न सांगता २३ असतो, मी १८ ठेवतो. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. १८ वर केलेली क्लिप आणि मूळ शेजारी शेजारी लावली तर सहसा डोळ्यांना फरक कळत नाही.

६. दर वेळी इतकी अचूकता लागते का जी?

नाही. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. वडसा-देसाईगंजकडून येणारी रेकॉर्डिंग कित्येक तासांची असते आणि मंडळींना ती अंकांप्रमाणे वेगळी करून हवी असते. दोन प्रवेशांमध्ये दिवे जातात. त्या अंधारात दोन सेकंद इकडे की तिकडे, कोणाला काय फरक पडतो? तिथे की-फ्रेमवर कापा आणि मोकळे व्हा. अख्खं नाटक पुन्हा एन्कोड करणं म्हणजे कॉम्प्युटर रात्रभर तापवणं आणि वर दर्जाही घालवणं. मी तर आधी पाहतो की हव्या जागेच्या आसपास शांतता, अंधार किंवा कॅमेऱ्याची हालचाल आहे का. असली तर की-फ्रेम चालवून घेतो.

७. सुरुवातीला आवाज येतो पण चित्र दोन-तीन सेकंदांनी उमटतं. कधी राखाडी चौकोन दिसतात.

ही दोन दुखणी आहेत, कारणं वेगळी.

आवाज आधी आणि चित्र नंतर, याचा अर्थ आवाज तुम्ही सांगितलेल्या वेळेपासून घेतला गेला आणि चित्र पुढच्या की-फ्रेमपासून. आवाजाचे तुकडे लहान आणि बहुतेक स्वतंत्र असतात, त्यामुळे तो जवळपास कुठेही तुटतो. उपाय म्हणजे कापायची जागा की-फ्रेमवर आणणं (प्रश्न ३), नाहीतर एन्कोड करणं (प्रश्न ५).

राखाडी किंवा फुटलेले चौकोन दिसत असतील तर आधाराचं चित्र गायब आहे. एक तर कट की-फ्रेमवर नाही, किंवा फाईल ओपन गॉप पद्धतीची आहे (गॉप म्हणजे एका की-फ्रेमपासून पुढच्या की-फ्रेमपर्यंतचा फ्रेमचा गट). ओपन गॉपमध्ये की-फ्रेमच्या लगत काही बी-फ्रेम अशा असतात की दाखवताना त्या की-फ्रेमच्या आधी येतात आणि त्यांना मागच्या गटातलं चित्रही लागतं. मागचा गट तुम्ही कापून टाकला, आता त्या फ्रेमना आधार उरला नाही. म्हणून की-फ्रेमवर कापूनही पहिल्या दोन-चार फ्रेम खराब दिसू शकतात. अशा फाईलमध्ये पुढची की-फ्रेम घेऊन फायदा नाही, तीही तशीच असणार. सुरुवातीचा भाग एन्कोड करा.

८. कॉम्प्युटरवर कट बरोबर दिसतो. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की कापलेला भागच आधी दिसतो. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यांनी नीट वाचावा, कारण यात दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उघड्या पडू शकतात.

एमपी४ फाईलमध्ये एडिट लिस्ट नावाची एक नोंद ठेवता येते. काही सॉफ्टवेअर स्ट्रीम कॉपी करताना मागच्या की-फ्रेमपासूनचा डेटा फाईलमध्ये ठेवतात आणि या नोंदीत लिहितात की पहिले चार सेकंद दाखवू नका. कॉम्प्युटरवरचा प्लेअर ती नोंद मानतो, म्हणून कट अचूक वाटतो. बऱ्याच टीव्हींतला प्लेअर मानत नाही आणि सगळं दाखवतो.

हे मला एका हळदीच्या व्हिडिओत कळलं. सुरुवातीला घरातल्या एका बाईंचं रडणं रेकॉर्ड झालं होतं. ते काढून द्या, असं त्यांच्या मुलीने मला मुद्दाम सांगितलं होतं. मी काढलं, माझ्या मॉनिटरवर तपासलं आणि पेनड्राइव्ह दिला. संध्याकाळी पाहुणे जमले असताना त्यांनी तो टीव्हीला लावला आणि पहिले चार सेकंद तेच रडणं दिसलं. त्या मुलीची माफी मागितली, पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं.

तेव्हापासून नियम केला आहे. लपवण्यासाठी कापायचं असेल तर स्ट्रीम कॉपी नाही. लहान मुलाचा चेहरा, भांडण, फोनवर बोललेला नंबर, काहीही असो, तो तुकडा पुन्हा एन्कोड होऊनच बाहेर जातो. एफएफएमपेग या टाइप करून हुकूम द्यायच्या सॉफ्टवेअरला ‘इग्नोर एडिटलिस्ट’ हा पर्याय दिला की लपवलेला भाग कोणालाही काढता येतो, म्हणजे नुसतं न दिसणं पुरेसं नाही. आणि फाईल देण्याआधी ती टीव्हीवर एकदा लावून पाहतोच.

९. ‘स्मार्ट कट’ म्हणजे काय? तोच वापरला तर?

कल्पना चांगली आहे. कापलेल्या जागेपासून पुढच्या की-फ्रेमपर्यंतचा छोटासा भाग तेवढा एन्कोड करायचा आणि उरलेलं जसंच्या तसं उचलायचं. कट अचूक होतो आणि दर्जाही टिकतो. टीएमपीजीएन्कचं (TMPGEnc) स्मार्ट रेंडरर हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर याचसाठी आहे. लॉसलेसकटमध्येही हा पर्याय आहे, पण तो प्रायोगिक म्हणून दिला आहे.

अडचण सांध्यावर येते. उलगडण्यासाठी लागणारी माहिती एमपी४ मध्ये सहसा सुरुवातीला एकदाच लिहिलेली असते. नवा एन्कोड केलेला तुकडा आणि कॅमेऱ्याचा मूळ डेटा यांची ही माहिती तंतोतंत जुळली नाही तर सांध्यावर चित्र अडखळतं किंवा फुटतं. एमपेग-२ मध्ये हे सहसा निभावतं, एच.२६५ मध्ये जास्त सतावतं. वापरा, पण प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहा.

१०. एफएफएमपेगमध्ये ‘एसएस’ इनपुटच्या आधी लिहायचं की नंतर?

‘एसएस’ म्हणजे कुठून कापायचं ती वेळ, आणि इनपुट म्हणजे मूळ फाईलचं नाव. पुन्हा एन्कोड करत असाल तर आधी. तो थेट जवळच्या मागच्या की-फ्रेमवर उडी मारतो, तिथून उलगडतो आणि तुमच्या वेळेआधीच्या फ्रेम टाकून देतो. कट अचूक येतो आणि वेळही वाचतो. नंतर लिहिलं तर तो फाईलच्या पहिल्या फ्रेमपासून उलगडत येतो. निकाल तोच, पण तीन तासांच्या फाईलमध्ये शेवटचे दोन मिनिट काढायला फार वाट पाहावी लागते.

स्ट्रीम कॉपी करत असाल तर चित्र वेगळं आहे. आधी लिहिलं की मागच्या की-फ्रेमपासून डेटा येतो (मग प्रश्न ८ वाचा). नंतर लिहिलं की चित्र पुढच्या की-फ्रेमपासून आणि आवाज सांगितलेल्या वेळेपासून येतो (प्रश्न ७ मधलं पहिलं दुखणं).

अजून एक खड्डा. ‘एसएस’ इनपुटच्या आधी लिहून ‘टीओ’ (कुठपर्यंत घ्यायचं ती वेळ) इनपुटच्या नंतर दिलं, तर घड्याळ कापलेल्या जागेपासून शून्यावरून सुरू होतं. मग ‘१० मिनिटांपर्यंत’ असं सांगितलेलं ‘१० मिनिटं’ असं घेतलं जातं आणि क्लिप भलतीच लांब होते. दोन्ही इनपुटच्या आधी लिहा.

११. शेवटचा कट पण की-फ्रेमवरच लागतो का?

नाही. शेवटी पुढच्या चित्रांची गरज उरत नाही, त्यामुळे जवळपास कुठेही थांबता येतं. बी-फ्रेममुळे साठवण्याचा आणि दाखवण्याचा क्रम वेगळा असतो, म्हणून एक-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो, इतकंच.

१२. कापल्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आधी एक तपासा. फरक पूर्ण क्लिपमध्ये सारखाच आहे, की पुढे पुढे वाढत जातो?

सारखा असेल तर कटच्या जागी घोळ आहे. आवाजाचीही स्वतःची फ्रेम असते. एएसी पद्धतीत ती १०२४ नमुन्यांची, म्हणजे ४८,००० हर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. चित्राची एक फ्रेम २५ च्या हिशेबाने ४० मिलिसेकंद. या दोन मापांचे काठ एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक कटला थोडीशी खाच राहते. एका कटला ती जाणवत नाही. पण काही सॉफ्टवेअर दहा तुकडे जोडताना त्या खाचा एकावर एक चढवतात आणि मग जाणवते.

वाढत जाणारा फरक असेल तर व्हिडिओ बहुतेक मोबाइलचा आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात. रात्री मंडपात शूट केलेल्या फाईलमध्ये हे हमखास. काही मिक्सिंगची (कापण्या-जोडण्याची) सॉफ्टवेअर वेग एकसारखाच धरून चालतात आणि गाडी रुळावरून घसरते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडून आधी फाईल बदलून घ्या, मग कापा.

१३. पार्टी फोनवर वेळ सांगते, मी त्या वेळेला गेलो तर प्रसंग वेगळाच. कोणाचं घड्याळ चुकतं?

दोघांचंही बरोबर असू शकतं. आपल्याकडचे कॅमेरे बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमवर असतात, तिथे हा घोळ होत नाही. पण कॅमेरा २९.९७ वर असेल आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा आकडा) ३० च्या हिशेबाने मोजत असेल, तर तासाभरात १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. ड्रॉप-फ्रेम टाइमकोड हा फरक भरून काढण्यासाठीच आहे. त्यात चित्र गळत नाही, फक्त काही आकडे वगळले जातात. मी पार्टीला वेळेबरोबर एक खूण विचारतो, ‘आत्या उठून उभ्या राहतात तिथे’ अशी. फोनवर प्लेअरचा स्क्रीनशॉट पाठवला तर अजून चांगलं.

१४. कॅमेऱ्याने एका कार्यक्रमाच्या चार फाईल केल्या. आधी कापू की आधी जोडू?

आधी जोडा. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीचं असेल तर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकने आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत हे नेहमीचं आहे. तो तुकडा गाण्याच्या, भाषणाच्या मधोमध पडतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळा कापून नंतर जोडला तर सांध्यावर आवाज टचकन तुटतो. कॅमेऱ्यासोबतचं सॉफ्टवेअर असेल तर त्यानेच कार्डावरून उतरवा, ते सांधे बरोबर जोडतं. कार्डावरचं फोल्डर अख्खं कॉपी करा, त्यातल्या फक्त व्हिडिओ फाईल उचलू नका.

वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फाईल मात्र स्ट्रीम कॉपीने जोडता येत नाहीत. कोडेक (दाबायची पद्धत), चित्राचा आकार, फ्रेमचा वेग, आवाजाचा हर्ट्झ, सगळं एक असावं लागतं.

१५. दुकानातल्या सीसीटीव्हीत चोरी दिसते. तेवढा भाग कापून पोलिसांना देऊ का?

मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातून) पूर्ण वेळेचा भाग त्याच्या मूळ स्वरूपात काढून घ्या आणि कापलेली क्लिप फक्त दाखवण्यापुरती वेगळी ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईलच्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा) नोंदवायचं असतं. एका फ्रेमनेही फाईल बदलली की हॅश बदलतं. डीव्हीआर जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढवत जातो, म्हणून हे त्याच दिवशी करा.

१६. पुढच्या वेळी कापणं सोपं जावं म्हणून शूटिंगच्या वेळीच काही करता येईल का?

कॅमेऱ्यात ऑल-इंट्रा हा पर्याय असेल तर महत्त्वाच्या विधींपुरता तो लावा. त्यात प्रत्येक फ्रेम अख्खी असते, कुठेही कापा. कार्ड मात्र लवकर भरतं. ओबीएस या कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करत असाल तर की-फ्रेमचं अंतर १ सेकंद ठेवा. एक्सपोर्ट करून दुसऱ्या मिक्सिंगवाल्याला देत असाल तरी हेच करा, त्याचे कष्ट वाचतील.

१७. आईबाबांच्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट आहे. ती उतरवून कापायची आहे. तिथेही हीच कटकट?

नाही. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. दर ४० मिलिसेकंदांना कापता येतं, काहीही पुन्हा एन्कोड न करता. म्हणून उतरवून देणाऱ्याला स्पष्ट सांगा की फायरवायरने (डीव्ही कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या केबलने) मूळ डीव्ही फाईल द्या, थेट एमपी४ करून नको. तासाला साधारण १३ जीबी लागतात. एवढी जागा आज एका पेनड्राइव्हवर मावते, आणि कॅसेट वाजवणारा कॅमेरा किंवा प्लेअर चालू स्थितीत आहे तोवरच हे काम होतं. कॅसेट एका दमात पूर्ण उतरवून घ्या, आवडते प्रसंग निवडून उतरवू नका. निवडणं आणि कापणं नंतर, फाईलवर करा.